समर टायर, मागच्या चाकांची ओढ आणि लाहौलचा बर्फ: रत्नागिरीहून निघण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरीत २०१७ची सेकंडहँड मस्टँग जीटी आहे. पाच लिटरचं व्ही८ इंजिन, ऑटोमॅटिक गिअर, ओढ मागच्या चाकांना, चारही टायर समर, म्हणजे उबदार हवेसाठी बनवलेले. जानेवारीत ती घेऊन मनाली, तिथून अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलमधलं सिस्सू आणि जमलं तर केलाँग करायचं आहे. गॅरेजवाल्याचं म्हणणं, कुलंट बदला, बॅटरी नवी टाका, बर्फात चाकांना लावायच्या चेन मनालीत भाड्याने मिळतात, आणि चारशे घोड्यांची गाडी आहे, चढायला काय अडचण?

यातलं कुलंट आणि बॅटरीचं बरोबर आहे. चेनचं अर्धवट आहे आणि घोड्यांचं चूक आहे. थंडी या गाडीला अडवत नाही. हीच गाडी कॅनडात उणे वीसला सकाळी सुरू होते आणि लोक कामावर जातात. अडवतात त्या दोन गोष्टी: टायरचं रबर आणि गाडीच्या पोटाची उंची. त्या दोन्हींवर तुम्ही आज काहीच केलेलं नाही, म्हणून आधी तेच.

माझा सल्ला आधीच सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं वाचताना गोंधळ नको. रस्ता कोरडा असेल तेव्हा मस्टँग मनालीपर्यंत न्या. तिथे छपराखाली लावा. सिस्सू-केलाँगला स्थानिक ड्रायव्हरची फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी गाडी घ्या. ताजा बर्फ पडला की पोलीस नेहरूकुंड किंवा सोलंगलाच गाड्या थांबवतात आणि पुढे फक्त फोर बाय फोर, कधी चेन लावलेल्या गाड्या सोडतात. तुमच्या गाडीचा नंबर तिथेच लागेल. एवढं सांगूनही गाडी पुढे न्यायची असेल, तर खालचं सगळं करून न्या. अर्धं करून नको.

टायर

समर टायरचं रबर साधारण ७ अंशांखाली कडक होऊ लागतं. उणे ७च्या आसपास आणि खाली ते इतकं ताठरतं की बर्फ सोडाच, कोरड्या डांबरावरही ते नीट धरत नाही. आणि अशा थंडीत रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचं चाक सकाळी दगडावर चढवलं, तर नक्षीच्या मुळाशी भेगा पडू शकतात. मस्टँगच्या पुस्तकात स्वतः फोर्डने समर टायर थंडीत आणि बर्फात वापरू नका असं लिहिलं आहे. नक्षी शिल्लक किती, याचा इथे संबंध नाही. आठ मिलिमीटर नक्षी असलेला कोरा समर टायरही बर्फावर तितकाच निकामी.

फरक आकड्यांत बघा. आकडे ढोबळ आहेत, पण हिशेब खरा आहे. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.८ धरा. दाबल्या गेलेल्या बर्फावर विंटर टायरला ०.३ मिळतो, समर टायरला ०.१२च्या आसपास, आणि काच झालेल्या ओल्या बर्फावर कुठल्याही टायरला ०.१च्या खाली. ताशी ४० किलोमीटर वेगात ब्रेक दाबला तर सपाट रस्त्यावर गाडी कोरड्या डांबरावर ८ मीटरमध्ये थांबते. बर्फावर विंटर टायरने २१ मीटर लागतात, समर टायरने ५२. यात तुम्हाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे अकरा-बारा मीटर धरलेले नाहीत. उतार असेल तर आणखी वाढवा. आणि घर्षण ०.१ असताना शंभर मीटरला दहा मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर गाडी थांबतच नाही. ब्रेक कितीही महागाचे असोत.

आता चारशे घोडे. मागच्या चाकांच्या गाडीला चढताना फक्त मागच्या आसावर असलेलं वजन उपयोगी पडतं. मस्टँगचं इंजिन पुढे, त्यामुळे मागे साधारण ४७ टक्के वजन. म्हणजे समर टायरवर ०.१२ गुणिले ०.४७, साडेपाच टक्क्यांचा चढ ही मर्यादा, त्यातूनही चाकाखालचा भुसभुशीत बर्फ दोन-तीन टक्के खातो. विंटर टायरवर हीच मर्यादा चौदा टक्क्यांपर्यंत जाते. डोंगरातल्या राष्ट्रीय महामार्गाचा चढ सहसा ५ ते ७ टक्क्यांत बसवतात. हॉटेलकडे जाणारे गल्लीबोळ असला काही हिशेब मानत नाहीत. तेव्हा समर टायरवर महामार्गही चढणं कठीण, विंटरवर महामार्ग चढतो आणि हॉटेलची चढण नशिबावर. या गणितात इंजिनची ताकद कुठेच येत नाही. तशीही ३,००० मीटरवर हवा विरळ असल्याने टर्बो नसलेलं इंजिन तीसेक टक्के ताकद गमावतं आणि बर्फात त्याने काहीही बिघडत नाही, उलट पायाला जरा सोपं जातं.

याच गणितातून फोर बाय फोरबद्दलचा गैरसमजही निघतो. चारही चाकं ओढत असल्याने थारसारखी गाडी तशाच टायरवर दुप्पट चढ चढते. पण ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांनाच असतो. साध्या टायरवरची थार उतारावर तुमच्याइतकीच घसरते. चढून गेलेल्या आणि उतरताना खाली गेलेल्या गाड्या बघितल्या की त्यात फोर बाय फोर भरपूर दिसतात, ते यामुळे.

टायर घेताना बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण हे चिन्ह आहे का बघा. नुसतं 'एम प्लस एस' पुरत नाही, ते चिन्ह नक्षीबद्दल बोलतं, रबराबद्दल नाही. चारही चाकांना एकाच जातीचे टायर हवेत. फक्त मागे विंटर टाकले तर गाडी चढेल, पण वळणार आणि थांबणार नाही. टायरवरचे चार आकडी तारखेचे आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चार मिलिमीटरपेक्षा कमी नक्षी उरलेला सेकंडहँड विंटर टायर फुकट मिळाला तरी नको.

तुमच्या गाडीला मूळचे पुढे २५५ आणि मागे २७५ रुंदीचे १९ इंची टायर आहेत. बर्फात अरुंद टायर चांगला, कारण तो बर्फ कापून खाली जातो आणि रुंद टायर त्यावर तरंगतो. चारही बाजूंना सारखे, थोडे अरुंद आणि शक्य असेल तर १८ इंची रिमवर घेतले तर टायरची भिंतही उंच मिळते. पण रिम विकत घेण्याआधी ती पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरवरून (डिस्क दाबणाऱ्या चिमट्यावरून) मोकळी फिरते का, हे चाक बसवून, हाताने फिरवून बघा. कॅटलॉगवर विश्वास ठेवू नका. टायरचा बाहेरचा व्यास मूळच्या तीन टक्क्यांच्या आत राहायला हवा, नाहीतर स्पीडोमीटर आणि एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) दोन्ही चुकीचं वाचतात. आपल्याकडे असे टायर दुकानात टांगलेले नसतात. मागवावे लागतात, आठवडे जातात, म्हणून जानेवारीचं बोलणं ऑक्टोबरमध्ये.

आणि हे टायर रत्नागिरीहून चढवून निघू नका. ३० अंशांत विंटर टायरच्या नक्षीचे मऊ ठोकळे लुळावतात, गाडी वळणावर डोलते, ब्रेकचं अंतर वाढतं आणि सव्वादोन हजार किलोमीटरच्या प्रवासात नक्षी डांबरावरच भराभर झिजते. सोबतच्या गाडीत टाका किंवा आधी ट्रान्सपोर्टने पाठवा आणि चंदिगडला बदला. गाडीच ट्रेलरवरून चंदिगडपर्यंत नेता आली तर त्याहून उत्तम, बंपर आणि कंबर दोन्ही वाचतात.

हवा किती ठेवायची

सगळे सांगतात की थंडीत टायरची हवा कमी होते. खरं आहे, पण अर्धंच. टायरचा गेज आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक दाखवतो, आणि डोंगरावर बाहेरचा दाबही उतरलेला असतो. समजा रत्नागिरीत पहाटे २५ अंशांत तुम्ही ३२ पीएसआय भरलेत. केलाँगला उणे १० अंशांत थंडी त्यातले साधारण साडेपाच खाते आणि ३,१०० मीटरची उंची साडेचार परत देते. गेजवर ३१ दिसतात. सगळ्यात कमी आकडा दिसतो तो खाली, पंजाब-चंदिगडच्या धुक्यातल्या सकाळी: ८ अंश, जवळजवळ समुद्रसपाटीचा दाब, आणि गेजवर ३०च्याही खाली. तिथे घाबरून चार-पाच पीएसआय जास्त मारले तर वर जाऊन टायर फुगलेला आणि पकड आणखी कमी. टायर बदलाल त्याच दिवशी ३० भरा, मनालीत गाडी रात्रभर उभी राहिल्यावर पहाटे मोजा, आणि ३२ करा. स्वतःचा गेज बाळगा, पंपावरच्या मशीनचा भरवसा नाही.

गुहागर-हर्णैच्या वाळूत जीप घालणारे मित्र 'हवा कमी कर' म्हणतील. वाळूत ते चालतं. घट्ट बर्फावर लो-प्रोफाइल, म्हणजे बुटक्या भिंतीच्या टायरची हवा काढून पकड वाढत नाही, फक्त बर्फाखालच्या दगडावर रिम वाकते.

पोटाची उंची आणि चेन

भारतात आलेल्या या मस्टँगचं पोट जमिनीपासून जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर. मुंबई-गोवा महामार्गावरच्या डायव्हर्जनना तुम्ही ते सांभाळत असालच. बर्फात हिशेब वेगळा असतो. बर्फ दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त साचला की पोट त्याच्यावर घासू लागतं. बर्फ आधी दबतो, मग घट्ट होतो, आणि एका क्षणी गाडीचं वजन चाकांवरून उतरून पोटावर येतं. त्यानंतर चाकं कितीही फिरवा. दुसरा प्रकार जास्त ओंगळ आहे. दिवसा बस आणि ट्रकने पाडलेल्या चाकोऱ्या रात्री दगडासारख्या गोठतात. त्यांची चाकोरी तुमच्या गाडीच्या रुंदीला बसत नाही आणि मधला उंचवटा पुढच्या बंपरखालची प्लॅस्टिकची पट्टी तोडतो. उणे दहाला ते प्लॅस्टिक वाकत नाही, तडकतं. ती पट्टी आणि इंजिनखालचं कव्हर यांचे सगळे स्क्रू निघण्याआधी घट्ट करा. एक सुटला तरी बर्फ आत शिरून सगळं कव्हर ओढून काढतो.

चेन लागतात मागच्या, म्हणजे ओढणाऱ्या चाकांना. मनालीत भाड्याने मिळतात त्या जाड कड्यांच्या, बोलेरो-सुमोच्या उंच कमानींसाठी. तुमच्या २७५च्या टायरच्या आतल्या बाजूला आणि सस्पेन्शनमध्ये बोटभर जागा असते. तिथे सैल कडी फिरू लागली की ब्रेकची नळी किंवा एबीएसची वायर तुटते, आणि ते कळतं ब्रेक लागत नाही तेव्हा. कुठल्या मापाच्या टायरवर किती जाडीची चेन चालते हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. ज्या मापाला परवानगी नाही त्याला लावू नका. अशा गाड्यांना बारीक केबलच्या चेन किंवा टायरवर चढवायचे कापडी मोजे जास्त सोयीचे. मोजे उघड्या डांबरावर लगेच फाटतात, म्हणजे बर्फ संपला की उतरून काढायचे.

काहीही घेतलंत तरी आधी घरच्या अंगणात, जाड हातमोजे घालून, दोनदा लावून बघा. उणे आठला, वारा असताना, घाटाच्या कडेला ते पहिल्यांदा शिकायचं काम नाही. लावल्यावर दोन-तीनशे मीटर हळू चालवून पुन्हा ताणा. वेग ताशी ३०-४०च्या वर नको. आणि मागे चेन, पुढे समर टायर ही जोडी सगळ्यात वाईट: गाडी पुढे ढकलली जाते आणि पुढची चाकं वळलेली असूनही ती सरळच जाते.

कोकणातून जाणाऱ्या गाडीची तयारी

आपल्याकडे कुलंटमध्ये वर्षानुवर्षं साधं पाणी ओतलं जातं, कारण इथे गोठण्याचा प्रश्नच नसतो. ग्लायकॉल (कुलंटमधलं गोठू न देणारं रसायन) आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते उणे ३७पर्यंत गोठत नाही. तीन भागांत एक भागच ग्लायकॉल उरलं असेल तर उणे १८ला गोठतं, चौथा भाग असेल तर उणे १२च्या आसपास, आणि केलाँगच्या रात्रीला ते पुरत नाही. गोठताना पाणी नऊ टक्के फुगतं आणि रेडिएटर, कधी ब्लॉकही फोडतं. रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे मिश्रणाचं प्रमाण दाखवणाऱ्या छोट्या उपकरणाने, एक थेंब मोजून घ्या. रंग बघून कळत नाही. नुसतं शुद्ध ग्लायकॉल घालणंही चूक, ते उणे १३लाच गोठतं. पुस्तकात लिहिलेल्या जातीचंच घ्या, दोन रंग मिसळू नका.

ऑइल मूळचं ५डब्ल्यू-२० असेल तर हात लावू नका, त्याची थंडीतली चाचणी उणे ३०ला होते. मागच्या मालकाने 'गरम प्रदेश आहे' म्हणून जाड २०डब्ल्यू-५० टाकून घेतलं असेल तर मात्र बदला.

बॅटरीला मारते ती आपली उष्णता. थंडी फक्त ते उघड करते. उणे १८ला चांगल्या बॅटरीतही स्टार्टरला मिळणारी ताकद निम्म्यावर येते, आणि त्याच वेळी इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या खाली दिसत असेल किंवा बॅटरी तीन वर्षांपुढची असेल तर बदला. पूर्ण उतरलेली बॅटरी उणे दहाच्या आतच गोठून फुगते, ती चार्ज करायला जाऊ नका. वायपरच्या टाकीतलं नळाचं पाणी काढून आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळलेलं भरा (तीस टक्क्यांना साधारण उणे १५), आणि नळ्यांतलं जुनं पाणी फवारून संपवा, कारण गोठतं ते नळीत. पेट्रोल गोठत नाही, त्याची काळजी नको. सोबतची गाडी डिझेलची असेल तर खालून भरलेली टाकी वर नेऊ नका, थंडीत त्यात मेण धरतं आणि फिल्टर बंद होतो. कुलू-मनालीत किंवा तांडीच्या पंपावर भरा.

आता जी गोष्ट जवळजवळ कोणीच सांगत नाही. मस्टँगच्या दाराला काचेभोवती चौकट नाही. हँडल ओढलं की काच आपोआप थोडी खाली सरकते, दार उघडतं, दार लावलं की पुन्हा वर जाऊन रबरात घुसते. रात्री बर्फ वितळून पाणी त्या रबरात गेलं आणि गोठलं, की सकाळी हँडल ओढल्यावर मोटर घुर्र करते आणि काच जागची हलत नाही. तेव्हा दार जोरात ओढलं तर वरची रबरी पट्टी फाटते, किंवा काच उचलणारी केबल तुटते. मनालीत त्याचा पार्ट मिळणार नाही आणि काच अर्धी उघडी ठेवून खाली यावं लागेल. निघण्याआधी सगळी रबरं पुसून कोरडी करा, सिलिकॉन ग्रीस बोटाने पातळ लावा. पेट्रोलियम जेली नको, रबर फुगतं. आमच्याकडच्या दमट हवेने आणि लाल मातीने ही रबरं आधीच चिकट झालेली असतात, तेव्हा हे काम खरंच वेळ देऊन करा. सकाळी दार अडलं तर तळहाताने काचेच्या वरच्या कडेलगत हलके थोपटा, डीआयसर फवारा, दोन मिनिटं थांबा, दुसरं दार बघा. गरम पाणी ओतू नका. काच तडकते, आणि तेच पाणी पुन्हा गोठतं.

दमटपणाचा दुसरा त्रास आत होतो. पावसाळ्यानंतर गालिच्याखाली ओल राहिलेली गाडी वर गेली की ती वाफ काचेच्या आतल्या बाजूला बर्फ होऊन बसते. तिथे एसीवर भिस्त ठेवू नका, शून्याच्या आसपास कॉम्प्रेसर चालूच होत नाही. गालिचे उचलून आठवडाभर इथल्या उन्हात वाळवा. वर गेल्यावर हवा बाहेरून घेणारं बटण ठेवा आणि बूट झटकून आत बसा.

चालवताना

सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटं उभी ठेवून तापवू नका. अर्ध्या-एक मिनिटाने हळू निघा आणि इंजिन २,५०० आरपीएमच्या वर फिरवू नका. पाण्याचा काटा मधे आला म्हणजे ऑइल तापलं असं नाही, त्याला बराच जास्त वेळ लागतो. 'स्नो/वेट' मोड लावा, त्यात अॅक्सिलरेटर मऊ होतो. स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा) चालूच ठेवा. पॅडलने दुसऱ्या गिअरमध्ये निघा.

आंबा किंवा कुंभार्ली घाटात उतरताना आपला हात आपसूक गिअर खाली टाकतो. ही सवय बर्फावर या गाडीत उलटते. गिअर एकदम खाली पडला की इंजिनचं ओझं फक्त मागच्या चाकांवर येतं, ती क्षणभर अडकतात आणि गाडी मागून बाहेर येते, वळणात असाल तर हमखास. गिअर उतार सुरू होण्याआधी, सरळ रस्त्यावर, निवडा. मग वळण संपेपर्यंत त्याला हात नाही. मागून सरकलीच तर अॅक्सिलरेटर सोडा पण झटक्याने नाही, ब्रेक नाही, स्टिअरिंग आणि नजर दोन्ही जायचं आहे तिकडे. पुढून सरकली, म्हणजे वळवूनही सरळ जाते आहे, तर आणखी वळवू नका. थोडं सरळ करा, वेग उतरू द्या, चाकं पुन्हा धरतात. थांबायचंच असेल तर ब्रेक घट्ट दाबून ठेवा, एबीएसला कडकडू द्या. भुसभुशीत बर्फात एबीएसने अंतर वाढतं, तरी सुकाणू हातात राहतं.

काच झालेला बर्फ कुठे असतो तेही ठरलेलं आहे. जिथे ऊन पोचत नाही ती वळणं, पूल, आणि डोंगरातून झिरपून रस्ता ओलांडणारं पाणी. दुपारी ते वाहतं, चारनंतर गोठू लागतं. उणे २०च्या कोरड्या बर्फापेक्षा शून्याच्या आसपासचा ओला बर्फ जास्त निसरडा, म्हणून ऊन पडलं म्हणून खूश होऊ नका. अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा, आतला रस्ता बहुतेक कोरडा. हात सैल पडतात, वेग वाढतो, आणि उत्तरेच्या तोंडातून बाहेर पडता पडता समोर चंद्रा नदीवरचा पूल. आत असतानाच, शेवटच्या किलोमीटरमध्ये, दोन-तीनदा हलके ब्रेक लावून डिस्क कोरड्या करा आणि ताशी ३०वर या. काचेवर एकदम धुकं बसतं, ब्लोअर आधीच काचेवर ठेवा.

अडकलात तर चाक फिरवत बसू नका. फिरणारं चाक बर्फ घासून गुळगुळीत करतं. या गाडीच्या डिफरन्शियलमुळे दोन्ही मागची चाकं एकदम फिरतात आणि गाडी पुढे जाण्याऐवजी रस्त्याच्या उताराच्या बाजूला, म्हणजे बऱ्याचदा दरीकडे, सरकते. उतरा, पोटाखालचा बर्फ फावड्याने काढा, चाकांपुढे गोणपाट घाला, खडी टाका. सोबत किनाऱ्यावरची बारीक वाळू नेऊ नका, ती ओली असते आणि खारट. क्रशरवरची कच न्या, पंधरा-वीस किलो पुरे. मागच्या डिकीत चाळीस-पन्नास किलो टाकून पकड वाढवण्याचा सल्ला या गाडीला मला पटत नाही: डिकी आसाच्या मागे आहे, त्या वजनाने शेपूट जड होते आणि फिरली की थांबत नाही. ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागच्या जागी फिरू न देणारी यंत्रणा) बंद करायचं ते फक्त अडकल्याच्या वेळी, मागे-पुढे झुलवून बाहेर काढताना.

डिसेंबरअखेर सोलंग ते बोगदा या पट्ट्यात तासन्‌तास गाड्या अडकतात. इंजिन चालू ठेवून बसायचं असेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी उतरून सायलेन्सरच्या तोंडाभोवतीचा बर्फ काढा. ते बुजलं की कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो, त्याला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. एक काच बोटभर उघडी ठेवा. इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही, थंडी कितीही असो. टाकी अर्धीच्या खाली जाऊ देऊ नका, ब्लँकेट हाताशी ठेवा, डिकीत नाही.

रात्री लावताना हँडब्रेक ओढू नका. ओले पॅड आणि केबल गोठून मागची चाकं सकाळी हलत नाहीत. 'पी'मध्ये ठेवा, चाकांना लाकडाचे गुटके लावा, वायपर उचलून ठेवा. हॉटेलच्या खाली उतरणाऱ्या रॅम्पवर पुढच्या तोंडाने शिरू नका. सकाळी रिव्हर्समध्ये चढायचं झालं तर वजन पुढच्या चाकांकडे जातं आणि ओढणारी मागची चाकं आणखी हलकी होतात. वर, रस्त्यालगत, उताराकडे तोंड करून लावा.

वेळ निवडायला मोकळीक असेल तर जानेवारी-फेब्रुवारीऐवजी नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जा. थंडी कडक मिळते, मोठा बर्फ बहुतेक वेळा अजून आलेला नसतो. आणि हौस बर्फावर गाडी तिरकी फिरवण्याचीच असेल, तर ती फिनलंड-स्वीडनच्या गोठलेल्या तलावांवर, खिळ्यांच्या टायरवर, प्रशिक्षण देणाऱ्यांच्या गाडीत भागवा. तिथे चूक झाली तर गाडी बर्फाच्या ढिगाऱ्यात शिरते, ट्रॅक्टर ओढून काढतो. इथे बाजूला दरी आहे.

परत आल्यावर पोट आणि चाकांच्या कमानी आतून दाबाच्या पाण्याने धुवा. रस्त्यावर टाकलेली माती-वाळू आणि कुठे मीठ तिथे चिकटून असतं, आणि आपल्या खाऱ्या हवेत त्यावर गंज लवकर धरतो. विंटर टायर चंदिगडलाच उतरवून समर चढवा. रत्नागिरीत ते धुऊन, वाळवून, हवाबंद काळ्या पिशव्यांत, अंधाऱ्या खोलीत ठेवा. इन्व्हर्टर किंवा पाण्याच्या पंपाच्या मोटरशेजारी नको, तिथल्या ओझोनने रबर तडकतं. पिशवीवर कुठलं चाक कुठल्या बाजूचं ते खडूने नाही, मार्करने लिहा. खडू पहिल्याच पावसाळ्यात पुसला जातो.